एका माणसाचा बोर्ड

आमच्या घरात आंघोळ सोडली तर कुठलीही गोष्ट एकट्याने करायची पद्धत नाही, आणि आंघोळीच्या वेळीही आई दाराबाहेर उभी राहून बोलत असते.

आई-बाबा नागपूरहून बंगळूरला, बेळ्ळंदूरच्या माझ्या फ्लॅटवर आले ते पंधरा दिवसांसाठी. त्याला आता सात महिने झाले. माझी काही तक्रार नाही (हे आई वाचणार आहे). फक्त मी लिफ्टमध्ये ओळखीचं कुणी दिसलं तर जिना आवडतो असा चेहरा करून नऊ मजले चढणारी मुलगी आहे. मला आठवड्यातून एक तास असा लागतो, की ज्यात कुणीही मला काहीही विचारणार नाही.

तो मिळवायचे मी प्रयत्न केले. सकाळी पळायला गेले, तर बाबा चप्पल घालून सोबत आले आणि 'हळू चाल' म्हणाले. सोसायटीच्या तलावात पोहायला गेले, तर आई काठावर टॉवेल घेऊन बसली आणि मी डोकं बाहेर काढेन तेव्हा तेव्हा एकेक प्रश्न विचारत राहिली. पंचवीस मीटरमध्ये संध्याकाळच्या भाजीचा निर्णय झाला.

अशात एकदा ऑफिसमधल्या मैत्रिणीने तिच्या फोनवर एक फोटो दाखवला. एक बाई तळ्याच्या मधोमध एका लांबट फळीवर उभी होती. हातात वल्हं. चारही बाजूंना पाणी. नातेवाईक एकही नाही.

"याला स्टँड-अप पॅडलबोर्डिंग म्हणतात," मैत्रीण म्हणाली. "बोर्डवर एकच माणूस मावतो."

मी तिथल्या तिथे ठरवलं.

पुढच्या रविवारी घरी ऑफिसचं काम सांगून मी देवनहळ्ळीच्या पुढच्या एका तळ्यावर गेले. तिथे शिकवायला मंजुळाअक्का होती. चाळिशीची, उन्हाने रापलेली, मूळची निपाणीची, त्यामुळे मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात बोलणारी. तिने नावाआधी वजन विचारलं.

"पन्नास," मी म्हणाले. (माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. पन्नाशीच्या पुढचे मराठी आकडे मला नीट येत नाहीत, त्यामुळे मराठीत माझं वजन कायम पन्नासच असतं.)

"माझ्याशी खोटं बोल, चालतंय," अक्का म्हणाली. "बोर्डाशी बोलू नको. वजनाच्या मानानं लहान बोर्ड दिला तर तुला घेऊन खाली बसतोय तो."

"सिक्स्टी थ्री."

"सरी," म्हणजे ठीक, अक्का म्हणाली.

मग तिने तीन बोर्ड दाखवले. एक लांब आणि निमुळता. "हा शर्यतीचा. पळतोय झकास, पण नवीन माणसाला उभं राहू देत नाही." दुसरा आखूड. "हा लाटांवरचा. इथं लाटा कुठनं आणू?" तिसरा साडेदहा फुटी आणि आमच्या बाथरूमच्या दाराएवढा रुंद. "हा तुझा. रुंद बोर्ड म्हणजे मोठ्या मनाचा माणूस बघ. स्वल्प डुललीस तरी माफ करतोय."

आधी गुडघ्यांवर बसायचं, मग एकेक पाऊल उचलून उभं राहायचं, आणि नजर समोर ठेवायची. पायांकडे बघितलं की पाण्यात. मी पायांकडे सहा वेळा बघितलं. सातव्यांदा मात्र उभी राहिले आणि अकरा मिनिटं उभीच राहिले. अकरा मिनिटांत मला कुणी जेवलीस का विचारलं नाही. मी काय विचार करतेय हे कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी काहीच विचार करत नव्हते. किनाऱ्यावर आले तेव्हा माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे, कारण अक्का म्हणाली, "दर आठवड्याला येणार असशील तर स्वतःचा बोर्ड घे. रविवारी इथले सगळे कंपन्यांची माणसं आधीच अडवून ठेवतात. हवा भरायचा घे, पिशवीत घडी होतोय, फ्लॅटमध्ये राहतोय."

घरी आले तर आईने माझ्या ओल्या केसांकडे पाहिलं.

"ऑफिसात पाऊस पडला काय?"

मी सगळं कबूल केलं. आई बाबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात (म्हणजे बाबा मान वळवून ऐकू लागले अशा आवाजात) म्हणाली, "सोबत कोणी असते काय? असंल तर सांगून टाक. आम्ही काही म्हणत नाही."

"कुणी नसतं, आई."

कुणी नसतं म्हणूनच जाते, हे वाक्य जिभेवर आलं होतं. पण आमच्याकडे 'मला एकटीला जायचंय' म्हटलं की पुढे दोनच गोष्टी होतात. आई जेवत नाही, किंवा आईला ताप येतो.

बाबांना वेगळाच हुरूप आला होता. ते बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात होते. धरणं, कालवे, दरवाजे, सगळं त्यांनी केलं, फक्त त्यांना पोहता येत नाही. ("आमचं काम पाणी अडवायचं होतं, त्यात शिरायचं नाही.") पण पाण्याचा विषय आणि आपल्याला विचारलं नाही, हे त्यांना सहन होणं शक्य नव्हतं.

"तळं खिडकीतून दिसून राहिलं, तर देवनहळ्ळीले कायले जाते?"

"बाबा, त्या तळ्यात उतरायचं नसतं. सांडपाणी आहे, फेसाला आग लागते त्याच्या."

"बरं. बोर्ड कोणता पाहून राहिली, दाखव."

मी लॅपटॉपवर साडेदहा फुटी बोर्ड दाखवला. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून माहिती वाचली आणि एका आकड्याशी थांबले.

"भार एकशे वीस किलो. तू किती?"

"पन्नास."

"साठच्या वर आहे ती," स्वयंपाकघरातून आई.

"म्हणजे जवळपास अर्धी क्षमता वाया. अर्धं रिकामं राहावं म्हणून कोणी धरण बांधते काय?"

"बाबा, तो एका माणसाचाच बोर्ड आहे."

"आज एका माणसाचा. उद्या?"

इथे आमच्या घराण्याचं एक धोरण सांगायला हवं. आमच्याकडे वस्तू वाढत्या मापाची घेतात. तिसरीत घेतलेला युनिफॉर्म मला सहावीत अंगाबरोबर आला, आणि सहावीत घेतलेल्या रेनकोटच्या मापाची मी अजून व्हायची आहे. अशा माणसासमोर मी साडेदहा फूट हा आकडा ठेवला होता.

"माझ्याकडून वाढदिवसाची भेट," बाबा म्हणाले. "मोठा घेऊ. एकदाच घ्यायची वस्तू आहे."

मी "चालेल" म्हणाले. माझ्या 'चालेल'चा अर्थ 'नको' असा असतो, पण हे फक्त मलाच माहीत आहे.

दहा दिवसांनी गेटवरच्या सुरक्षारक्षकाचा फोन आला, "मॅडम, आपका गद्दा आया है."

तो गादीएवढा गठ्ठा दोन माणसांनी वर आणला. मी नेमकी हॉलच्या कोपऱ्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसले होते, कॅमेरा चालू. बाबांचं म्हणणं, घेतलेली वस्तू लगेच फुगवून पाहावी, तक्रार असली तर पेटी फेकायच्या आत करावी. आई आणि बाबा आळीपाळीने पंप मारू लागले. मी मीटिंगला ऑफिसचे आकडे वाचून दाखवत होते आणि पडद्यावरच्या माझ्या चौकटीत, माझ्या मागे, एक निळी भिंत हळूहळू उभी राहत होती.

"नाइस बॅकग्राउंड," मॅनेजर म्हणाला.

मी मागे वळून पाहिलं तेव्हा बोर्ड स्वयंपाकघराच्या ओट्यापासून बाल्कनीच्या कठड्यापर्यंत पोचला होता. पंधरा फूट लांब, पाच फूट रुंद, क्षमता पाचशे किलो. मी भिंत आणि बोर्ड यांच्या मधे होते. आईने वरून चहा दिला.

"यात तुझी आत्याही बसंल," बाबा पलीकडून समाधानाने म्हणाले. "आत्याचे मिस्टरही."

त्या क्षणी माझा रविवारचा एक तास मला स्पष्ट बुडताना दिसला. तरीही मी आशा सोडली नाही. हा प्रचंड बोर्ड मी तळ्यावर नेईन, आई-बाबा काठावर बसतील, आणि मी त्या पंधरा फुटांवर अधिकच एकटी उभी राहीन. एकटेपणासुद्धा वाढत्या मापाचा घेतला, असं मी स्वतःला समजावलं.

रविवारी आम्ही मोठी कॅब केली. सोबत बोर्ड, पंप, पोह्यांचा डबा, वेगळ्या डब्यात तर्री, थर्मास, दोन छत्र्या आणि एक सतरंजी. तळ्यावर बोर्ड फुगवून झाला तेव्हा मंजुळाअक्काने त्याला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली.

"इदु बोर्ड अल्ला," ती म्हणाली. मग आई-बाबांसाठी मराठीत, "हा बोर्ड नव्हे, ओ. अंगण आहे अंगण."

"एकटीला चालवता येईल ना?" मी हळूच विचारलं.

"हा? वाऱ्याची एक झुळूक आली तर आंध्रात जाशील. कमीत कमी तीन माणसं पाहिजेत."

"तुमचा एखादा लहान बोर्ड?"

"सगळे गेले. आज कंपनीची माणसं आहेत म्हटलं की."

मी पुढे काही बोलायच्या आत मागे पट्टे आवळल्याचा आवाज आला. आईने पंजाबी ड्रेसवर लाइफ जॅकेट चढवलं होतं. बाबांनी पूर्ण बाह्यांच्या शर्टवर, खिशातलं पेन बाहेर राहील अशा बेताने.

अक्काने दोघांना बोर्डावर मांडी घालून बसवलं आणि मला अनुभवी म्हणून मागे उभं केलं. (एकूण अनुभव अकरा मिनिटं.) कमरेएवढ्या पाण्यात ती बोर्ड धरून चालत होती. मी नजर समोर ठेवली. समोर बाबांचं डोकं होतं.

"डावीकडे घे," बाबा म्हणाले. "प्रवाह उजवीकडून आहे."

"तळ्याला प्रवाह नसतो, बाबा."

"बत्तीस वर्षं झाली मले."

"भांडू नका," आई म्हणाली. "पोरगी सकाळपासून उपाशी आहे." आणि तिने ओढणीच्या घडीतून पोह्यांचा डबा काढला. तो तिने पाण्यावर कधी आणला, हे आजही कुणाला माहीत नाही.

"आई, आत्ता नको."

"एकच घास."

ती गुडघ्यांवर उठली, मागे वळली आणि चमचा उंच धरून माझ्याकडे झुकली. मी चमच्याकडे पाहिलं. चमचा माझ्या पायांच्या दिशेनेच होता, म्हणजे मी पायांकडेही पाहिलं.

पाण्यात फक्त मी पडले. बसलेल्या माणसांना त्या बोर्डाने जागचंही हलवलं नाही. पोह्यांतला एक शेंगदाणाही सांडला नाही. मी नाकातोंडातलं पाणी काढत उभी राहिले तेव्हा अक्काच्या हातून सुटलेलं अंगण वाऱ्याने आठ-दहा हात पुढे गेलं होतं आणि अक्का पोहत त्याच्या मागे जात होती. मागच्या रिकाम्या जागेवर ती चढली आणि माझं तरंगणारं वल्हं उचलून म्हणाली, "तू उतरलीस ते बरं झालं. आता वजन सरी बसलंय. यांना एक फेरी मारून आणते."

मी चालत काठावर आले आणि सतरंजीवर बसले.

आणि मग माझ्या लक्षात आलं. चारही बाजूंना कुणी नव्हतं. मला कुणी काही विचारत नव्हतं. थर्मासमध्ये चहा होता. सात महिने जो तास मी शोधत होते, तो सतरंजीसकट माझ्यासमोर पसरला होता. मी पाय लांब केले आणि डोळे मिटले.

थोड्या वेळाने उघडले, तर तिकडे आई उभी होती. बोर्डवर, वल्हं धरून, अक्काशिवाय कुणाचा आधार न घेता. बाबा टाळ्या वाजवत होते आणि काहीतरी सांगत होते, ज्यावर अक्का इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. काय सांगितलं असेल? मी उठून पाण्यापर्यंत गेले. ऐकू आलं नाही. आणखी गुडघाभर आत गेले. मग दोन्ही हात हलवून ओरडले, "आई, मला पण घ्या ना!"

तळ्यावरून आईचा आवाज आला, आंघोळीच्या दारापलीकडून यायचा तितकाच स्वच्छ.

"बस ना तू निवांत. तुले एकटीला बसायला आवडते, मले काय माहीत नाही काय? म्हणून तर आम्ही इकडे आलो."

आणि ते तिघं काठावरच्या झाडांच्या मागच्या बाजूला वळले.

त्या दिवशी मी तळ्याकाठी सलग पस्तीस मिनिटं पूर्णपणे एकटी होते. त्यातली पहिली चार मला फार आवडली.