फळीवरचं पांढरं रीळ

मशीन सुरू करण्याआधी ती लाकडावर दोनदा टकटक करायची आणि म्हणायची, "वाजते बरं, माय." तिची मुलगी कानांवर हात ठेवायची. मगच सुई खाली उतरायची.

रिसोडच्या बसस्थानकामागच्या गल्लीत वीस वर्षं मी एकटाच लेडीज टेलर. राजा होतो हो! आणि ही बाई नेमकी समोर दुकान थाटून बसली. तेही कसं? अकराला शटर वर, पोरीला आवाज सोसेनासा झाला की भरदुपारी खाली. पोर बारा वर्षांची. बोलत नसे, आणि वस्तूची जागा बदललेली तिला खपत नसे. बायका बंद शटरच्या पायरीवर वाट पाहत बसायच्या. समोर माझं दुकान सताड उघडं, पंखा फिरतोय, एक तरी वळून पाहील तर शपथ!

"काकू, इकडं या, अर्ध्या तासात देतो!"

"राहू द्या भाऊ, आमाले घाई नाई."

घाई नाही! हीच काकू माझ्याकडे कपडा टाकून दिवसातून तीन चकरा मारायची.

मी जळायचो. सभ्य शब्द कशाला शोधू?

एकदा सुई मागायच्या निमित्तानं तिचं कसब पाहायला गेलो. पाठीमागच्या फळीवर रिळांची रांग. रंगाचा मेळ नाही, आकाराचा नाही. पण ती न पाहता हात मागे न्यायची आणि हवा तोच दोरा काढायची.

"ही रांग कोणाची हो?"

"मायी पोरगी लावते. मले पाठ झाली. म्हणून शिवता शिवता नजर तिच्यावर ठेवता येते."

ती सुई शोधायला वाकली आणि माझ्या अंगात खोडी संचारली. पांढरं रीळ उचललं, लालच्या पलीकडे ठेवलं. म्हटलं, आता काढ बघू!

पोरीनं पाहिलं होतं. ती किंचाळली आणि डोकं भिंतीवर आपटू लागली. आईनं तिला घट्ट कवटाळलं, एका हातानं रीळ जागेवर ठेवलं, मला बाहेर जायची खूण केली आणि शटर ओढलं. आत एका नवरीचा ब्लाउज अर्धा पडला होता. संध्याकाळी हळद.

मी शटरपाशी उकिडवा बसलो. "बाई, चुकलो. मीच हलवलं. द्या तो ब्लाउज, पुरा करतो."

बऱ्याच वेळानं फटीतून ब्लाउज सरकला. "बाही ढिली ठेवजा, भाऊ. नवरी लाजते, सांगत नाई."

जीव ओतून शिवला. न्यायला आलेली नवरीची आई तो उलटापालट करून म्हणाली, "वा! तिच्या हाताले तोड नाई!"

"नाईच," मी म्हणालो. आतून करपलो, पण म्हणालो.

गेल्या उन्हाळ्यात पोरीच्या शाळेसाठी ती अकोल्याला गेली. जायच्या दिवशी दोघी माझ्या दुकानात आल्या. मी मशीन थांबवलं. पोर सरळ फळीपाशी गेली आणि तिनं एकेक रीळ उचलून माझी सगळी रांग बदलली. बसची वेळ झाली होती. आईनं घाई केली नाही.

"हलवू नका बरं, भाऊ," एवढंच म्हणाली.

आता गिऱ्हाईक सगळं माझंच. पांढरा दोरा म्हणून हात मागे नेतो, निळा हाती येतो.

"नीट लावून टाका ना, भाऊ," काकू म्हणते.

"राहू द्या, काकू."

ती न पाहता काढायची. मला अजून मागे वळून पाहावं लागतं.