फायटरला सोबत

मुलगी नोकरीसाठी हैदराबादला गेली आणि तिचा मासा माझ्याकडे राहिला. बेट्टा जातीचा, दुकानात त्याला फायटर म्हणतात. दोन बादल्या पाणी मावेल एवढी काचेची टाकी, तिच्यात थोड्या पाणवनस्पती, एक वाळलेलं बदामाचं पान आणि हा एकटा. जाताना तिने सगळं समजावून सांगितलं होतं. खाणं अगदी थोडं, पाणी एकदम सगळं बदलायचं नाही, नळाचं पाणी आधी बादलीत ठेवून मगच टाकीत. मी हो हो म्हणत राहिले. त्या दिवसांत मी कशालाही हो म्हणायचे. नाही म्हटलं की पुढे कारण सांगावं लागतं, आणि तेवढं बोलण्याचं त्राण नसायचं.

शाळेत एक शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर होती, तिचा वर्गही माझ्याच गळ्यात होता. नवरा अंबडच्या कंपनीत पाळीवर. तो घरी असेल तेव्हा मी शाळेत, मी आले की तो बूट घालत असायचा. आमचं बोलणं म्हणजे दूध तापवलंय, गॅस संपत आलाय, एवढंच.

त्यातच आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आई देवळ्याला भावाकडे असते. दोन्ही डोळे करायचे होते, एक झाल्यावर काही आठवड्यांनी दुसरा, म्हणून मधले दिवसही तिने आमच्याकडे नाशिकलाच राहायचं असं भावाने आणि मी फोनवर ठरवलं. डॉक्टरांनी वाकायचं नाही, स्वयंपाकाची वाफ घ्यायची नाही, धुळीत जायचं नाही असं बजावलं. जन्मभर कांद्याच्या खळ्यावर आणि चुलीपुढे राबलेल्या बाईला आता काहीच करायचं नव्हतं. ती हॉलमधल्या खुर्चीत बसायची. समोर टाकी.

पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी मी तिला रिक्षाने घरी आणलं. काळा चष्मा काढून ती टाकीसमोर उभी राहिली आणि बराच वेळ हललीच नाही.

"हाऊ इतला निळा व्हता का व?" ती म्हणाली.

आई बागलाणाकडची अहिराणी बोलते. माझी शहरात राहून गेली, तिची जशीच्या तशी आहे. मी मासा बघायला वळले. तो निळा होताच, पण मलाही तो तेवढा निळा आहे हे तेव्हाच कळलं. पंखांच्या कडा लाल, आणि वळला की अंगावर हिरवी झाक.

त्या दिवसापासून तिचा जीव त्याच्यात गुंतला. मी शाळेतून आले की पाण्याचा ग्लास हातात घ्यायच्या आत मला त्याची हकिगत ऐकावी लागायची. आज पानाखाली झोपला होता. आज पाण्यावर फेस केला होता. तो फेस म्हणजे त्याचं घरटं, नर तसं बांधतात, हे मुलीने मला सांगितलं होतं. ते मी आईला सांगितलं तिथे चुकलं. घरटं आहे म्हटल्यावर तिने लगेच विचारलं, "मंग घरवाली कुठे शे?"

"नसते. तो एकटाच राहतो."

"एकलाच? त्याले कोनी सोबत नही?"

हे रोज सुरू झालं. मी भाजी चिरत असले की हॉलमधून आवाज यायचा, एकलाच शे बिचारा. मी वह्या तपासत असले की पुन्हा तेच. ते मला लागत होतं. मला वाटायचं, ती माशाच्या नावाने स्वतःचं सांगतेय. मुलगी दिवसभर शाळेत, जावई बोलत नाही, नात हैदराबादला गेली, म्हातारीशी बोलायला कोणी नाही. सरळ म्हणायची तिची रीत नाही, म्हणून मासा पुढे केलाय. शाळेत वर्ग चालू असतानाही मला तिचा तो आवाज ऐकू यायचा.

शेवटी एका संध्याकाळी शाळेतून परस्पर मासेवाल्या दुकानात गेले. मुलीला फोन करून विचारावं एवढं साधं सुचलं नाही. सुचलं असतं तरी केला असता की नाही, माहीत नाही. दुकानदार मोबाइलवर बोलता बोलता म्हणाला, "गप्पी न्या मॅडम. भांडले तर पहिल्या दिवशी भांडतील, मग आपोआप सेट होतात." त्याने चार-पाच गप्पी पिशवीत भरून दिल्या. बहुतेकींच्या शेपट्या केशरी, पिवळ्या, झालरीसारख्या. रिक्षात पिशवी मांडीवर धरून मी बसले होते आणि खूप दिवसांनी काहीतरी मार्गी लागल्यासारखं वाटत होतं.

गप्पी टाकीत सोडल्या. आईने खुर्ची पुढे ओढली. फायटर क्षणभर थांबला. मग त्याने कल्ले फुलवले, मानेभोवती काळी झालर उभी राहिली. असा तो मी कधी पाहिला नव्हता. आणि तो सुटला. एवढ्याशा टाकीत पळायला जागा तरी कुठे होती? गप्पी काचेला धडकत होत्या. आई ओरडली, "अव, मारस तो त्यासले! काढ, काढ!" जाळी कुठे ठेवलीय ते मला आठवेना. मी चहाची गाळणी घेऊन आले. बाह्या वर करून, पाणी फरशीवर सांडत, एकेक गप्पी पकडून बादलीत टाकली. एकीची शेपटी पार कुरतडली होती. ती सकाळी तरंगताना सापडली. बाकीच्या बादलीतच जगल्या.

सकाळी डब्याची घाई चाललेली असताना आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"कशाले आनात त्या?"

माझ्या हातात लाटणं होतं. ते मी ओट्यावर आपटलंच. "तूच म्हणत होतीस ना, एकटा आहे, एकटा आहे! रोज उठून तेच! मग आणल्या मी!"

"मी सोबत आन म्हंतं," ती शांतपणे म्हणाली, "भांडन नही."

त्या दिवशी मी तिच्याशी न बोलता शाळेत गेले. मधल्या सुट्टीत मुलीला व्हिडिओ कॉल केला. तिने आधी कपाळावर हात मारला.

"गप्पी? मम्मी, त्यांच्या शेपट्या बघितल्यास ना? लांब, रंगीत. त्याला वाटतं दुसरा फायटरच घरात शिरला."

"मग ते चमकणारे छोटे असतात ते?"

"टेट्रा घोळक्याने राहतात. आपल्या टाकीत घोळका मावायचा नाही. तळाशी फिरणारे कोरी असतात, त्यांचंही तेच."

"आणि त्याची मादी?"

"अजिबात नको. फाडून टाकतील एकमेकांना."

"मग राहिलं काय?"

"गोगलगाय," ती म्हणाली. "तीही त्याने चालवून घेतली तर. नाहीतर राहू दे त्याला एकटा, त्याला चालतं." मग जरा थांबून म्हणाली, "तू जेवलीस का? चेहरा बघ कसा झालाय." मागे तिच्या रूममेटचा हेअर ड्रायर सुरू झाला आणि आम्हाला एकमेकींचं काही ऐकू येईना.

गोगलगायीचं मी मनावर घेतलं नाही. आईचं मात्र घेतलं. आमच्या कॉलनीतल्या बुद्धविहारात दुपारी बायका जमतात. वंदना होते, मग चहा, मग गप्पा. खालच्या मजल्यावरच्या काकू रोज जातात. मी त्यांना गाठलं आणि आईला बरोबर न्यायला सांगितलं. आईला विचारलंही नाही. पांढरी साडी इस्त्री करून ठेवली आणि जाताना तिच्या हातात चष्मा दिला.

ती गेली. मुकाट्याने आठवडाभर जात राहिली. मला हलकं वाटायला लागलं होतं. मग एका शनिवारी मी दुपारी घरी आले, तर ती आपली खुर्चीत.

"आज गेली नाहीस?"

"नही."

"का? काकूंशी काही झालं का?"

"काय व्हई? चांगल्या शेत बाया. पन लय बोलतस."

मी मेथी निवडायला घेतली आणि तिच्याजवळ खाली बसले. किती दिवस मनात होतं ते बोलून टाकलं. म्हटलं, "आई, मला कळतं गं. तू इथे एकटी पडतेस. मी दिवसभर नसते, हेही नसतात. रोज तू म्हणतेस, तो एकटा आहे, त्याला सोबत नाही. मला समजत नाही का ते?"

तिने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. ऑपरेशन झालेला डोळा अजून लालसर होता.

"मी मासानं म्हनस व," ती म्हणाली. "मनं नही."

ती खरंच माशाचंच म्हणत होती, स्वतःचं नाही. ती पुढे बोलत राहिली. देवळ्याच्या घरात नातवंडं, टीव्ही, कांदा भरायला आलेली माणसं, ट्रॅक्टर, दिवसभर नुसता कालवा. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला कधी एक दुपार शांत मिळाली नव्हती. "आठे कोनी बोलत नही," रिकाम्या हॉलकडे बघत ती म्हणाली, "मले बरं वाटस."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी मेथीच्या काड्या बाजूला करत राहिले. इतके दिवस मी जी काळजी वाहत होते ती तिची नव्हतीच, आणि मग ती कोणाची होती याचा विचार करायलाही मी फार दमले होते. आईने जुडीतली अर्धी मेथी स्वतःकडे ओढली. वाकायचं नव्हतं, म्हणून मांडीवर ताट घेऊन निवडायला लागली. भाजी निवडून झाली तरी मी तिथेच भिंतीला टेकून बसले होते. माझा डोळा लागला. तिने उठवलं नाही.

गोगलगाय पुढच्या आठवड्यात आणली. पिवळसर, लिंबाएवढी. या खेपेला मुलीने फोनवर सांगितलं तसं पिशवी आधी टाकीत तरंगत ठेवली, मगच सोडली. फायटर आला, कल्ले फुलवले, तिच्या मिशीला चोच मारल्यासारखं केलं. गोगलगायीने अंग आत ओढून दार लावून घेतलं. तो वाट बघत राहिला, मग कंटाळून पानाखाली गेला. ती बराच काळ हलली नाही, तेव्हा मेली की काय म्हणून आईने मला बाहेर काढून वास घ्यायला लावला. मेली नव्हती. हळूहळू ती काचेवर चढायला लागली. फायटर जवळ आला की थांबायची, गेला की निघायची. काही दिवसांनी तर त्यानेही तिच्याकडे बघणं सोडून दिलं. आई तिला दोडक्याची उकडलेली चकती टाकायची. "हाई चांगली शे," म्हणायची, "कोनाच्या अध्यात नही."

दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन नीट झालं. भाऊ न्यायला आला तेव्हा बादलीतल्या गप्पींना पिल्लं झालेली होती. त्या सगळ्या आईने प्लास्टिकच्या बरणीत घालून गुरांच्या हौदात सोडायला देवळ्याला नेल्या. डास खातात हे कुठूनसं तिने ऐकलं होतं. गाडीत बरणी मांडीवर घट्ट धरून बसली होती. मी हात हलवला तर दोन्ही हात अडकलेले, म्हणून नुसती मान हलवली.

रविवारी नवऱ्याला सुट्टी होती. मी टाकीचं पाणी बदलत होते. तो चहा घेऊन येऊन उभा राहिला. माशाबद्दल त्याने आजवर एक शब्द काढला नव्हता.

"ती गोगलगाय कुठंय?" त्याने विचारलं.

"असेल. फिल्टरच्या मागे बघ."

त्याने कप खाली ठेवला, गुडघ्यावर बसला आणि काचेला नाक लावून शोधायला लागला. तिथे नव्हती. मीही खाली बसले. दोघांनी बघितलं तेव्हा बदामाच्या पानाखाली सापडली, आणि तिच्या अगदी जवळ, पंख मिटून, फायटर निवांत पडलेला होता. नवरा म्हणाला, "बरंय की." मी हं म्हटलं. फरशी गार होती. उठायचा दोघांनाही कंटाळा आला होता.