बाबा त्या माणसाशी बोलले

मंडळी, आधीच कबूल करते, गूढ अनुभवांच्या या धाग्यावर मी आजवर फक्त खुसपटं काढायला येत होते. “मांजर असेल”, “झोप झाली नसेल” हे सगळे प्रतिसाद माझेच. त्यामुळे आता माझी टर उडवलीत तरी माझी तक्रार नाही.

गोष्ट २०२०ची. आम्ही आयर्लंडमध्ये ड्रोहेडाला राहतो, मी आणि नवरा दोघंही आयटीत. आई गेल्यावर बाबा नागपूरहून आमच्याकडे काही महिन्यांसाठी म्हणून आले आणि फेब्रुवारीत त्यांना स्ट्रोक झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून फक्त “हं”. मग लॉकडाऊन... परत जायचा प्रश्नच मिटला. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस! चहा मागायचा तरी प्रस्तावना करून. आणि आता घरात नुसती टीव्हीची बडबड. स्पीच थेरपिस्ट व्हिडिओवर गोड हसायची आणि फार आशा ठेवू नका म्हणायची. मला मोठं काही नको होतं. त्यांनी एकदा मला हाक मारावी, बस.

सप्टेंबरात निर्बंध जरा सैल होते. गावापासून गाडीने वीसेक मिनिटांवर एक जंगल आहे – ओक आणि बीचची झाडं, आणि मधून व्हीलचेअरसाठी मुद्दाम केलेली सपाट वाट. जंगलाच्या पलीकडे शेतात रोमन अवशेष आहेत, हे कळल्यावर बाबांचे डोळे चमकले. रोमन इथे राज्य करायला कधी आलेच नाहीत, पण त्यांच्या काळातली थडगी आणि खापरं त्या शेतात निघाली होती. बाबांनी वर्षानुवर्षं फळ्यावर रोमचा नकाशा काढला, पण रोमचं खापरसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.

आणि नेमकी वाट संपते तिथे कुंपण, ओलांडायला लाकडी पायऱ्या. खुर्ची जाणं शक्यच नाही. “राहू द्या बाबा, परत जाऊ,” मी म्हटलं. त्यांनी डाव्या हाताने शेताकडे बोट दाखवलं, मग माझ्या फोनकडे. जा, फोटो काढून आण. मी ब्रेक लावला, त्यांची शाल नीट केली आणि गेले. एक मातीचा उंचवटा, एक माहितीफलक, चार मेंढ्या. मला तर हसूच आलं. फोटो काढले आणि लगेच परतले.

बाबांसमोर, नियमाप्रमाणे अंतर राखून, एक वयस्कर आयरिश माणूस कुत्र्याला घेऊन उभा होता. हसता हसता डोळे पुसत होता.

“युअर डॅड इज ग्रेट क्रॅक!” तो मला म्हणाला. क्रॅक म्हणजे इथल्या बोलीत धमाल, गंमत. “तुझ्या लहानपणीची ती गोष्ट सांगितली त्यांनी... अगं, हसून हसून पुरेवाट झाली माझी.”

इथे राहणाऱ्यांना माहीत आहे, ही माणसं घर गळत असलं तरी “ग्रँड” म्हणतात. मला वाटलं, मुक्या म्हाताऱ्याच्या लेकीला बरं वाटावं म्हणून गोड बोलतोय. थोडा रागही आला, खरं सांगते. “थँक्स अ मिलियन,” म्हटलं आणि ब्रेक काढायला वाकले.

तो निघाला. वळून बाबांकडे हात वर केला आणि चक्क मराठीत म्हणाला, “येतो!” मग इंग्रजीत, “बरोबर ना? जातो असं कधी म्हणायचं नाही.”

आमच्या घरात निघताना कुणी “जातो” म्हटलं की बाबा त्याला दारातून परत बोलवायचे. पाहुणा असो की पोस्टमन.

मी तशीच वाकलेली राहिले. भानावर येऊन वर पाहिलं तर तो वळणाशी पोचला होता. धावणार तोच बाबांनी माझं मनगट धरलं. घट्ट. “बाबा, बोललात तुम्ही? माझ्याशी बोला ना... एकदाच!” त्यांचे ओठ हलले, डोळे भरून आले. “हं,” ते म्हणाले. त्यांचा हात सोडवून मला जाववेना. तो माणूस दिसेनासा झाला.

पुढच्या वसंतात बाबा गेले. शेवटपर्यंत एक शब्द नाही. डॉक्टर म्हणतात, अशा आजारात एखादा शब्द अचानक फुटू शकतो, पण अख्खी गोष्ट, तीही परक्या भाषेत? शक्य नाही. नवरा म्हणतो, तो माणूस कुणा मराठी शेजाऱ्याकडून शिकला असेल. असेलही. मी किती रविवार त्या वाटेवर काढले, कुत्रेवाल्या प्रत्येकाला विचारलं. कुणीच त्याला ओळखत नाही.

ते कसं घडलं, हे आता मी विचारतही नाही. मी लहान असताना काय केलं होतं, ते सांगणारं आता कुणी उरलं नाही. त्यातली एक गोष्ट या देशात एका माणसाला ठाऊक आहे आणि “कुठली गोष्ट?” एवढं मी त्याला विचारलं नाही.