पाव तासातला पियानो

शंभर वर्षांपूर्वी, बंडाच्या दिवसांत, आयर्लंडमधली एका इंग्रज जमीनदाराची हवेली जाळली गेली. जाळणारे गावातलेच होते. त्यांनी घरच्यांना सामान काढायला पाव तास दिला आणि स्वतःही हात लावला. माझ्या मुलीची शेजारीण नोरा, तिच्या आजोबांनी तिघांच्या मदतीने पियानो बाहेर काढला. जमीनदाराचं कुटुंब त्याच आठवड्यात इंग्लंडला गेलं. पियानो पावसात राहू नये म्हणून आजोबांनी तो घरी आणला.

हवेलीच्या आता नुसत्या भिंती उरल्या आहेत. समोरच नोराचं दोन खोल्यांचं घर आहे. मुलीकडे गेलो होतो तेव्हा शेजारी म्हणून मी तिथे चहाला जात असे. नोरा ऐंशीची, एकटी. पियानोमुळे तिची खाट खोलीत तिरपी लावलेली होती.

एका दुपारी जमीनदाराची पणती आली.

"आमचा पियानो तुम्ही सांभाळलात, आभारी आहे. आता घेऊन जाते."

"आग आजोबांनीच लावली होती," नोरा म्हणाली. "काड्यापेटीही देऊ का शोधून?"

पणती हसली नाही. मग नोरा हळूच म्हणाली, "यावर माझी आई शिकली, मी शिकले. मी गेल्यावर ने, बाई."

एका घराण्याच्या इतिहासात हा पियानो लुटला गेला, दुसऱ्याच्या इतिहासात वाचवला गेला. पाव तास मात्र दोन्हीकडे तोच आहे.

पुढचं मुलीने फोनवर सांगितलं. मार्चमध्ये पणतीच्या वकिलाचं पत्र आलं. दार मागाहून अरुंद केलेलं, पियानो त्यातून निघेना, म्हणून न्यायला आलेल्या माणसांनी खिडकी चौकटीसकट काढली. नोरा तिथेच राहते. खिडकीच्या जागी फळ्या ठोकल्या आहेत.