हलकी रायफल आणि अबू खालिदांचा खांदा

ओंकार आणि रेवा,

परवा ओंकारने न्यूझीलंडहून एका रायफलीचा फोटो पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, "आजी, वर्थ इट?" किंमत वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. आकडा तोच होता. टायटॅनियम, कार्बन फायबर, गिऱ्हाइकाच्या मापाने हाताने बनवलेली, आणि वजन आपल्या घरच्या भरलेल्या कुकरपेक्षा कमी. मागोमाग तुमच्या आईचा फोन आला. "तूच सांग त्याला. माझं ऐकत नाही."

मी आयुष्यात मुंगीवरसुद्धा नेम धरलेला नाही. तरी हा प्रश्न माझ्याकडे येणं अगदीच चुकीचं नाही. कतारमधल्या दोहा शहरात मी फिजिओथेरपिस्ट होते, आणि अशाच एका रायफलीने आमच्या क्लिनिकला बरेच दिवस काम पुरवलं होतं. ते आत्ता लिहिते आहे, कारण ओंकारने ऑर्डर दिल्यावर लिहून उपयोग नाही. रेवाने वाचून दाखवावं. ओंकारला मराठी कळतं, वाचायचा मात्र कंटाळा येतो. नावं मी बदलली आहेत.

तर अबू खालिद टेबलावर पालथे झोपले होते आणि मी त्यांच्या उजव्या खांद्यात दोष शोधत होते.

अबू खालिद म्हणजे खालिदचे वडील. तिकडे थोरल्या मुलाच्या नावाने बापाला हाक मारतात. तेलकंपनीतून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले, उंच, पोट सुटलेलं, इंग्रजी उत्तम. अल गराफा भागातल्या त्यांच्या व्हिलापासून आमचं क्लिनिक पाच मिनिटांवर. तक्रार एकच होती. "खांदा कमजोर झाला आहे, डॉक्टोरा. स्ट्रॉंग करून द्या. हिवाळ्यात मुलाबरोबर शिकारीला जायचं आहे."

मी डॉक्टर नव्हते, हे मी त्यांना सुरुवातीला सांगून पाहिलं. मग सोडून दिलं.

खांदा तपासायच्या आमच्या ठरलेल्या रीती असतात. हात वर, हात मागे, मी दाबते, तुम्ही विरोध करा. अबू खालिदांनी विरोध केला तेव्हा मीच मागे सरकले. त्या खांद्याने आमच्या क्लिनिकचा दरवाजा उचलून नेला असता.

"खांदा चांगला आहे," मी म्हणाले.

"नाही," ते म्हणाले. "कमजोर आहे."

पेशंट दुखत नाही म्हणतो आणि आपल्याला दुखणं सापडतं, असं नेहमी होतं. इथे उलटं होतं. मी आमचे मॅनेजर जॉर्जसाहेब यांच्याकडे गेले.

"साहेब, याला ट्रीटमेंटची गरज नाही."

"मॅडम, त्याने पॅकेज घेतलं आहे."

"पण दुखणंच नाही."

"मग लवकर बरा होईल," जॉर्जसाहेब म्हणाले. "रिझल्ट छान दिसेल."

असे आमचे व्यायाम सुरू झाले. रबरी पट्टा, छोटे डंबेल, भिंतीवर हात टेकून ढकलणं. आधीच बळकट असलेला खांदा मी आणखी बळकट करत होते. पण थोड्याच दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. दर रविवारी खांद्याच्या खोबणीजवळ ताजा, जांभळा डाग असायचा. बुधवारपर्यंत तो पिवळा पडायचा. पुढच्या रविवारी पुन्हा जांभळा. तिकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारची.

"सुट्टीत काय करता?" मी विचारलं.

"रेंजवर जातो. नेमबाजीचा सराव."

"किती वर्षं?"

"लहानपणापासून. वडिलांनी शिकवलं."

"आणि हा डाग?"

"हा आता पडायला लागला. वय, डॉक्टोरा."

वय असं आठवड्याच्या ठरावीक दिवशी येत नाही. मी म्हणाले, मला तुम्हाला रायफल चालवताना पाहायचं आहे. खांदा जिथे काम करतो तिथेच तो तपासायला हवा, हे आमच्या शिक्षणातच आहे. जॉर्जसाहेबांनी विचारलं, होम व्हिजिट म्हणून लावू का? मी म्हटलं, घर नाही, रेंज आहे. "आउटडोअर व्हिजिट," ते म्हणाले आणि लिहायला लागले.

शनिवारी सकाळी युनूसभाई मला न्यायला आले. अबू खालिदांचे ड्रायव्हर, मूळचे खेडजवळचे. क्लिनिकच्या वेटिंग रूममध्ये बसून माझ्याशी मराठी बोलायला मिळतं म्हणून मालकाचा खांदा लवकर बरा होऊ नये, असं त्यांना मनापासून वाटत असे.

"ताई, कानात घालायला कापूस आणलात काय?"

"तिथे हेडफोन देतात म्हणे."

"देतात. तरी आणायचा. ही नवी बंदूक लय वरडते."

रेंजवर एक निवृत्त पाकिस्तानी सुभेदार प्रशिक्षक होते. अबू खालिदांनी पेटी उघडून रायफल बाहेर काढली. मला बंदुकीतलं काही कळत नाही, पण ती देखणी होती हे मला कळलं. राखाडी, सडपातळ, दस्त्यावर बारीक अक्षरात त्यांचं नाव कोरलेलं.

"खालिदची भेट," ते म्हणाले. "त्याने कारागिराला सांगितलं, जितकी हलकी करता येईल तितकी कर. माझ्या वडिलांना डोंगर चढायचा आहे."

त्यांनी मला ती हातात धरायला दिली. खरंच हलकी होती. मला वाटलं, अजून काहीतरी जोडायचं राहिलं असेल.

आता थोडं शास्त्र. गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते. या मागे येण्याला रिकॉइल म्हणतात, आपण धक्का म्हणू. गोळी तीच असेल तर जड बंदूक सावकाश मागे येते आणि हलकी जोरात. भरलेली हातगाडी आणि रिकामी हातगाडी सारख्याच ताकदीने ढकलून पाहा. म्हणजे डोंगरावर पाठीचं जे ओझं वाचवायला पैसे मोजले, ते गोळी झाडताना खांद्यावर वसूल होतं.

अबू खालिदांनी पाच गोळ्या झाडल्या. निशाणाच्या कागदावर भोकं अशी पडली होती की जणू पाच वेगवेगळ्या माणसांनी झाडल्या असाव्यात. मी सुभेदारांना बाजूला घेऊन म्हटलं, मला त्यांच्या स्नायूंची हालचाल नीट दिसत नाही, आवाजाने माझेच डोळे मिटतात. सुभेदार म्हणाले, "उसका इलाज है, बहनजी."

पुढच्या फेरीत सुभेदारांनी अबू खालिदांना न सांगता डमी भरली. डमी म्हणजे दारू नसलेलं काडतूस. ते उडत नाही, नुसता खटका वाजतो.

अबू खालिदांनी नेम धरला. चाप ओढला. खट्. आणि धक्का नसताना त्यांचा खांदा पुढे झेपावला, डोळे घट्ट मिटले, नळी खाली वाकली. मुलाला चापट मारायला नुसता हात उचलला तरी ते जसं अंग चोरतं, अगदी तसं. नेमबाज याला फ्लिंच म्हणतात. शरीर एकदा मार खातं आणि पुढच्या वेळी आधीच घाबरतं. यात खांद्याचा काही दोष नसतो. खांदा शहाणा असतो म्हणूनच तो असं करतो.

युनूसभाईंनी कानातला कापूस उगीच नीट केला.

मग सुभेदारांनी अबू खालिदांची जुनी रायफल आणली. लाकडी दस्त्याची, जड, जागोजागी पॉलिश उडालेली. पुन्हा मध्येच डमी. खट्. काही हललं नाही. नळी होती तिथेच.

परत येताना गाडीत मी म्हणाले, "अबू खालिद, तुमच्या खांद्याला काहीही झालेलं नाही. जुनी घेऊन जा."

"नवी सुंदर आहे," ते म्हणाले.

"सुंदर आहे. पण..."

"खालिद चार वर्षं परदेशात होता, डॉक्टोरा. आमचं फार बोलणं नव्हतं. तो परत आला आणि त्याने ही दिली. पहिल्यांदाच म्हणाला, चला, आपण दोघं जाऊ." ते खिडकीबाहेर बघत होते. "मजलिसमध्ये सगळ्यांसमोर पेटी उघडली त्याने. आता मी जुनी खांद्याला लावली तर मी त्याला काय सांगितल्यासारखं होईल?"

मजलिस म्हणजे घरातली पुरुषांची बैठकीची खोली. तिथे दिलेली भेट सगळ्या नातेवाइकांनी पाहिलेली असते. तिच्यात खोट काढणं म्हणजे देणाऱ्यात खोट काढणं. म्हणून त्यांनी खोट स्वतःच्या खांद्यात काढली होती. पुढाऱ्यांना न जमणारी मुत्सद्देगिरी या माणसाने रबरी पट्टा ओढून चालवली होती.

सोमवारी खालिद क्लिनिकमध्ये आला. चाळिशीचा, गंभीर, हातात दोन फोन. काउंटरवर जॉर्जसाहेब होते. त्यांनी त्याला माझ्या खोलीत आणलं आणि स्वतःही थांबले.

"डॉक्टोरा, सरळ सांगा. बाबांचा खांदा इतका खराब आहे का? ते दोन महिने इथे येत आहेत. असं असेल तर मी ट्रिप कॅन्सल करतो. घोड्यावर बसायचं, थंडी, उंची. मला त्यांना काही होऊ द्यायचं नाही."

बाप मुलाची भेट जपायला आजारी झाला होता, आणि मुलगा बापाचा आजार जपायला ती ट्रिप मोडायला निघाला होता. दोघांचंही एकमेकांवर इतकं प्रेम होतं की दोघंही घरीच बसले असते.

"खांदा खराब नाही," मी म्हणाले.

"मग इतकी सेशन्स कशाला?"

मी जॉर्जसाहेबांकडे पाहिलं. त्यांना अचानक बाहेरच्या प्रिंटरची काळजी वाटायला लागली.

पेशंटने विश्वासाने सांगितलेलं मला फोडता येत नव्हतं. खोटंही बोलायचं नव्हतं. माझ्या समोरच्या कपाटात बुटात घालायचे सोल ठेवलेले होते. टाचदुखीच्या लोकांना आम्ही ते देतो.

"खालिद, तुमचे बूट चांगले आहेत का?"

त्याने पायाकडे पाहिलं. "इटालियन आहेत."

"उद्या तुमची टाच दुखली आणि मी त्यात सोल घातला, तर बूट वाईट ठरतो का?"

"नाही."

"तसंच आहे. तुमच्या वडिलांचा खांदा एका विशिष्ट धक्क्याला सरावलेला आहे. बाकी सगळं ठीक आहे. रायफलीच्या दस्त्यात मागच्या बाजूला वजन भरा आणि वर जाड पॅड बसवा. मेडिकल ॲडव्हाइस समजा."

"किती वजन?"

"रेंजवर सुभेदार आहेत. खांदा झेपावायचा थांबेपर्यंत ते भरतील."

खालिदने दोन्ही फोन टेबलावर ठेवले. "डॉक्टोरा, ती हलकी असावी याचेच मी पैसे दिले."

"हो."

"खूप दिले."

"हो."

"आणि आता ती जड करायचे देऊ."

"ते त्या मानाने कमी लागतील," मी म्हणाले.

मग त्याने हळू विचारलं, "बाबांना आधीच माहीत होतं?"

"तुमच्या वडिलांनी त्या रायफलीबद्दल माझ्याजवळ एकही वाईट शब्द काढलेला नाही. सुंदर आहे, एवढंच म्हणाले."

"काढणारही नाहीत," खालिद म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला. "यल्ला, चला. सुभेदारांचा नंबर द्या."

दस्त्यात शिसं भरलं गेलं. जाड पॅड बसलं. शेवटी तिचं वजन जुन्या रायफलीच्या आसपास गेलं, असं युनूसभाईंनी सांगितलं. पुढच्या रविवारी खांद्यावर डाग नव्हता. मी पॅकेज बंद केलं. जॉर्जसाहेबांनी दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं.

मध्य आशियातल्या बर्फाळ डोंगरांत ते महिनाअखेरीस जाऊन आले. युनूसभाई बरोबर होते. आल्यावर खजुराचा डबा घेऊन क्लिनिकमध्ये हजर झाले.

"काय झालं, युनूसभाई? चढताना बाबांना त्रास?"

"कोण चढला? बाबा घोड्यावर. बंदूक दुसऱ्या घोड्यावर. मी चालत."

"म्हणजे रायफल कोणीच उचलली नाही?"

"घोड्यान् उचलली. त्याला विचारला असता तर म्हणाला असता, बंदूक ऱ्हाऊ दे, आधी बाबाला हलका करा."

अबू खालिदांनी एकच गोळी झाडली आणि ती रानबकऱ्याला लागली. बकऱ्याची बाजू माझ्या मनात होती, पण त्याची फाइल आमच्याकडे नव्हती. खालिदने मात्र तीन गोळ्या झाडल्या आणि तिन्ही डोंगराला लागल्या. कारण त्याने त्या कारागिराकडून एक नाही, दोन रायफली बनवून घेतल्या होत्या. स्वतःच्या रायफलीत त्याने शिसं भरलं नव्हतं. त्याचा खांदा तरुण होता ना.

पुढच्या महिन्यात तो क्लिनिकमध्ये आला. उजव्या खांद्यावर जांभळा डाग होता.

"डॉक्टोरा, खांदा जरा कमजोर वाटतो."

जॉर्जसाहेबांनी पॅकेज तयारच ठेवलं होतं.

तर ओंकार, वर्थ इट का, याचं माझं उत्तर. दिवसभर डोंगरात रायफल स्वतःच्या खांद्यावर वाहणार असशील, वर्षाकाठी मोजक्याच गोळ्या झाडणार असशील, आणि धक्का सोसायचा सराव केला असशील, तर हलकेपणाला किंमत आहे. ते किलोभर वजन संध्याकाळी गुडघ्यांना खरंच जाणवतं. एरवी आधी पोटाचं वजन कमी कर. ते फुकट होतं आणि त्याचा खांद्याला धक्का बसत नाही. तुझा मागच्या ख्रिसमसचा फोटो माझ्याकडे आहे. आणि काहीही घेतलंस तरी आधी कुणाला तरी तुला न कळता डमी भरायला सांग.

ती रायफल अजून अबू खालिदांच्या मजलिसमध्ये भिंतीवर आहे. दस्त्यातलं शिसं आत तसंच आहे. दर हिवाळ्यात बापलेक दोघं जातात.

तुमची,
आजी