सदूचे दंडवत

भाऊ गेल्यानंतर सहा महिने मी देवासमोर हात जोडले नाहीत. शाळेत शिकवीत असे, घरी येऊन पुस्तक उघडून बसत असे, आणि तेच पान तासभर पुढे असे.

सदू माझा धाकटा भाऊ. पलटणीत लांब पल्ल्याच्या शर्यती त्याने मारल्या होत्या. रजेवर आला की पहाटे कऱ्हाडच्या पुलापर्यंत पळून येई आणि मला चिडवी, "दादा, तुझा दम समदा पुस्तकात हाय. चार पावलं पळून दाव की रं!" तो लढाईवर असताना आई नवस बोलली होती : पोरगं सुखरूप आलं तर ते स्वतः नदीपासून टेकडीवरच्या खंडोबापर्यंत दंडवत घालील. तो आला; पण छातीचे दुखणे घेऊन आला. दौड करणारा माणूस मिरजेच्या दवाखान्यात खाटेवरून उठताना धापा टाकू लागला, आणि पावसाळ्यापूर्वीच गेला. आईने मग एकच धोसरा धरला. "त्यो आला हुता ना? मग देवाला दिल्याला शब्द ऱ्हायला. माझ्या लेकाचा जीव अडकलाय तितं." ती जेवेनाशी झाली. माझा विश्वास नव्हता, पण त्याच्या वतीने दंडवत मी घालतो असे तिला सांगितले.

आमच्याकडे दंडवत घालणाऱ्याबरोबर एक माणूस काठी घेऊन चालतो. पालथे पडून हात जिथवर पोहोचतील तिथे तो खूण करतो. तिथे पाय ठेवून पुढचा दंडवत. खूण चुकली तर पुन्हा नदीपासून सुरुवात. शेजारचे आबा येतो म्हणत होते. मी नको म्हटले. माझे दुःख कुणी पाहू नये असे वाटत होते. खुणेसाठी कोळशाचा तुकडा घेऊन मी एकटाच निघालो. ही माझी मोठी चूक.

पहिला तासभर मी सदूसारखा घाईने गेलो. नंतर गुडघे सोलले, कोपरांतून रक्त येऊ लागले. चढ लागला तेव्हा कातळ तापला होता. प्रत्येक वेळी उठताना वाटे, हा शेवटचा. आणि मनातून कुणी म्हणे, पडूनच राहा, कुणासाठी उठतोस? मला त्याचे म्हणणे पटत होते. एकदा हात पुढे पसरले आणि कोळसा टेकवायच्या आत डोळ्यांपुढे अंधार आला.

शुद्धीवर आलो तेव्हा मी घसरून वाटेच्या कडेला पडलो होतो. कातळावर त्या दंडवताची खूण कुठेच नव्हती. खाली नदी दिसत होती. पुन्हा तिथून येणे या देहाला शक्य नव्हते. सदूचे एवढेही माझ्या हातून झाले नाही, असे वाटून मी लहान मुलासारखा रडलो.

"रडू नगा, दादा. हितवर आला हुता तुमचा हात."

वर एक म्हातारी धनगरीण उभी होती. तिची काठी कातळाच्या फटीत रोवलेली होती.

"तुमाला कसं कळलं?" मी विचारले.

"माझ्या म्होरंच पडला की! लगोलग काठी रोवली. मेंढरं हुंगून गेली तुमास्नी, जिता हाय का न्हाई बघाया." ती हसली. "सून म्होरं घेऊन गेली त्यास्नी. मी ऱ्हायले. खूण मोडली तर माणूस मोडतंय." तिने मला पाणी पाजले. "आता टेकडीकडं बघू नगा. एक घाला, उठा. मी हाय."

देवळाच्या पायरीपर्यंत ती काठी टेकवीत माझ्यापुढे चालली. शेवटचा दंडवत घालून मी उठलो तेव्हा ती उताराला लागली होती. नावही विचारायचे राहिले.

गाभाऱ्यात पुजाऱ्याने कपाळाला भंडारा लावला. मला आनंद झाला नाही. उलट, सदूसाठी करण्यासारखे आता काहीच उरले नाही हे तिथे प्रथम कळले, आणि ते दुःख दवाखान्यातल्या दुःखाहून मोठे होते. देवाकडे मी काही मागितले नाही, त्याला जाबही विचारला नाही. इतके दिवस सदूला मी एकटाच धरून बसलो होतो. तो तिथे खाली ठेवला आणि हात जोडले.

घरी आल्यावर आईने माझे गुडघे पाहिले. चुलीपाशी जाऊन तिने दोन ताटे वाढली, आणि त्यांतल्या एकावर स्वतः बसली.