बेसिनात ओतलेली आंबील

लातूरच्या ज्या दवाखान्यात मी नर्स आहे, तिथं मागच्या बाजूला एक लहान वॉर्ड आहे. ज्यांच्या आजारावर आता इलाज उरलेला नाही, त्यांना निदान दुखू नये म्हणून तिथं ठेवतात. देवणीकडच्या खेड्यातली एक म्हातारी तिथं आली, तेव्हा तिचा पोटाचा कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचला होता. घरचे तिला अव्वा म्हणायचे, म्हणून आम्हीही अव्वाच म्हणू लागलो. मोठा मुलगा शेती बघायचा, धाकटा उदगीरला शाळेत मास्तर होता. दोघं येऊन-जाऊन असायचे. कायम सोबतीला राहायची ती मोठ्याची बायको.

या सुनेचा मला पहिल्यापासून संशय यायचा. पलंगाभोवतीचा पडदा ती सारखा ओढून घ्यायची. मी आत गेले की दोघींचं बोलणं तुटायचं. अव्वा माझ्या हातून पाणी घ्यायची, पण सून आंबिलीची वाटी घेऊन बसली की ओठ घट्ट मिटायची. तरीही थोड्या वेळानं वाटी रिकामी दिसायची.

"खाल्लं का आईनं?" मोठा मुलगा दारातूनच विचारायचा.

"खाल्लं," ती म्हणायची. त्याच्याकडं न बघता.

एकदा अंग पुसताना अव्वाच्या दंडावर निळा डाग दिसला. लिव्हर बिघडलं की असे डाग साध्या धक्क्यानंही पडतात, हे मला चांगलं माहीत होतं. पण त्या दिवशी तो मला कुणाच्या तरी बोटांचा वाटला. मी सुनेला विचारलं, तर ती म्हणाली, "उठवताना धरलं असंल." आणि चादर नीट करत बसली. तेव्हापासून मी काही ना काही निमित्त काढून तिकडं फिरकू लागले.

मग एका सकाळी मी तिला पकडलंच. ती बेसिनापाशी उभी राहून आंबील ओतत होती. वर पाणी सोडून चमच्यानं जाळी साफ करत होती.

"काय चाललंय हे?"

वाटी तिच्या हातून सुटली. "सिस्टर, हळू बोला. ह्यांना सांगू नका, पाया पडते."

"म्हातारीला उपाशी ठेवता आणि खाल्लं म्हणून सांगता?"

ती रडायला लागली. तिला बाहेरच्या बाकावर बसायला सांगून मी एकटीच अव्वाकडं गेले. पलंगावर टेकले आणि सरळ विचारलं, "अव्वा, सून तुम्हाला जेवू देत नाही का? भिऊ नका, मला सांगा."

अव्वानं डोळे उघडले. "तिला काय बी बोलू नको. म्याच सांगितलं तिला."

"की तिनंच तुम्हाला असं म्हणायला लावलं?"

"न्हाई ग बाई." ती चिडली, मग दम लागून थांबली. "पोटात घास गेला की लई आग हुती. न्हाई म्हनलं की मोठा लेकरावानी रडतो. मला ते बघवंना. म्हनून हिला म्हनलं, तू वतून दे, अन खाल्लं म्हन."

मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी दोन्ही मुलांना बसवून घेतलं. शरीर आता अन्न मागत नाही, बळजबरी केली तर ठसका लागून त्रासच होईल, तोंड ओलं ठेवा, तेवढं पुरे, असं समजावलं. मोठा खाली मान घालून ऐकत होता. धाकटा मात्र माझ्याकडं वळला.

"म्हणजे तुम्ही सगळे मिळून आईला उपाशी मारताय का?"

मोठा उठून आईजवळ गेला. "अव्वा, खरंच नको का तुला?"

"नको रे बाबा."

तो रडला, पण त्यानंतर वाटी आणली नाही. ओल्या कापसानं ओठ पुसायचं काम त्यानं आपल्याकडं घेतलं. पडदाही आता उघडा राहू लागला.

धाकट्याचा संशय मात्र आता माझ्यावर आला. मी दुखण्याचं इंजेक्शन भरू लागले की तो शेजारी येऊन उभा राहायचा. बाटलीचा मोबाईलवर फोटो काढायचा, ओळखीच्या कुणाला तरी पाठवायचा. "हे कशाचं? किती? आत्ताच का?" मी दर वेळी सांगायचे. त्याची नजर सिरिंजवरून हलायची नाही.

अव्वा एका दुपारी गेली. श्वास लांबत लांबत थांबला. मोठ्याचा हात तिच्या कपाळावर होता.

धाकटा मला व्हरांड्यात गाठून म्हणाला, "सकाळच्या इंजेक्शननंच गेली ना?"

"नाही. त्यानं दुखणं कमी झालं. त्या आजारानं गेल्या."

"मी डॉक्टरला विचारणार हाय."

"जरूर विचारा."

तो खरंच गेला आणि बऱ्याच वेळानं परतला. डॉक्टर काय बोलले, ते त्यानं सांगितलं नाही, आणि त्याला पटलं की नाही ते मला आजही ठाऊक नाही. सून अव्वाचे केस विंचरायला बसली होती. मान एका बाजूला कलली होती, त्यामुळं कंगवा पोचत नव्हता. धाकटा गुडघ्यावर बसला, दोन्ही हातांनी आईचं डोकं उचलून धरलं आणि वहिनीला म्हणाला, "सावकाश विंचरा."